बागेचे पाणी

मराठवाड्यातील जालना जिल्हा मोसंबीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. २०१२ साली तेथे पाऊस फार थोडा पडला. पुढील वर्षीचा उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच विहिरी तळाला गेल्या आणि एरवी हिरव्यागार दिसणाऱ्या बागा एकामागून एक सुकू लागल्या. कित्येक बागाईतदारांनी टँकरने विकतचे पाणी आणून झाडांना घातले. ज्यांना ते शक्य झाले नाही, त्यांच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. ज्या हातांनी झाडे लावली, वाढविली, त्याच हातांनी कुऱ्हाड घेऊन ती तोडण्याची पाळी अनेकांवर आली.

ज्वारीचे किंवा बाजरीचे पीक एखाद्या वर्षी बुडाले, तर पुढील वर्षी पुन्हा पेरणी करता येते. मोसंबीचे तसे नाही. कलम लावल्यापासून ते भरघोस फळे देऊ लागेपर्यंत पाच-सहा वर्षे लोटतात. तोवर खत, पाणी, राखण यांवर खर्च होतच असतो. त्यामुळे बाग वाळते तेव्हा एका हंगामाचे उत्पन्न तर जातेच, पण त्याबरोबर कुटुंबाची अनेक वर्षांची मेहनत आणि पुढील अनेक वर्षांची आशा मातीस मिळते.

परंतु त्याच दुष्काळात काही बागा जगल्या, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या मालकांजवळ पाणी मुबलक होते असे नव्हे. त्यांनी झाडांच्या फांद्या छाटून पानांचा भार कमी केला, बुडांभोवती पालापाचोळा पसरला आणि हाती असलेले थोडेसे पाणी जपून मुळांशी पोहोचविले. पाणी किती आहे याला महत्त्व आहेच. पण ते कोठे द्यावयाचे, किती द्यावयाचे आणि केव्हा द्यावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक असतात, त्याचे थोडे पाणीही पुष्कळ काम करते.

यांपैकी पहिला प्रश्न ‘कोठे?’ हा होय. पाण्याची गरज झाडाला असते, सबंध जमिनीला नव्हे. ही गोष्ट उघड वाटते. पण पाटाचे बारे फोडून शेतात पाणी मोकाट सोडले, म्हणजे नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. असे पाणी दोन झाडांमधील रिकाम्या जागेत पसरते. तेथे ते उन्हाने उडून जाते, नाहीतर तणांच्या वाढीस कारण होते. शेताच्या वरच्या टोकाला चिखल होतो आणि खालच्या टोकाची झाडे तहानलेलीच राहतात.

शिवाय झाडाची सर्वच मुळे सारखे पाणी घेत नाहीत. बुंध्याजवळील जाड मुळांचे मुख्य काम झाडाला आधार देण्याचे असते. पाणी शोषून घेतात ती केसांसारखी बारीक मुळे. आणि ती बुंध्यापासून दूर, फांद्यांचा घेर जेथवर पोहोचतो त्या सुमारास अधिक असतात. ऐन दुपारी झाडाची सावली जेथे संपते, तेथे त्याचे तोंड आहे असे म्हटले तरी चालेल. बुंध्याला पाणी घालणे म्हणजे तान्हेल्या माणसाच्या पायांवर पाणी ओतण्यासारखे होय.

संत्रा व मोसंबी या झाडांच्या बाबतीत तर बुंध्याशी पाणी साचणे घातकच ठरते. तेथे सतत ओल राहिली, की बुरशी शिरते, साल कुजते आणि खोडातून डिंक पाझरू लागतो. या रोगाला शेतकरी ‘डिंक्या’ म्हणतात. म्हणून जाणते बागाईतदार झाडाभोवती दुहेरी आळे करतात. बुंध्यालगत मातीची भर घालून एक लहान, कोरडे आळे ठेवावयाचे आणि त्याच्या बाहेर, फांद्यांच्या घेराइतके मोठे दुसरे आळे करावयाचे. पाणी या दोन आळ्यांच्या मधल्या जागेत सोडतात. त्यायोगे मुळे भिजतात आणि खोड कोरडे राहते. भाजीपाल्यासाठी याच विचाराने सरी-वरंब्याची पद्धत आली. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे वरंब्याच्या बगलेवर लावतात; सरीतून वाहणारे पाणी मातीतून झिरपत मुळांशी जाते, आणि रोपाचे खोड पाण्यात उभे राहत नाही.

दुसरा प्रश्न ‘किती?’ हा आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी प्रथम मातीकडे पाहिले पाहिजे. मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. पाणी दिल्याबरोबर त्या सर्व पाण्याने भरून जातात. काही वेळाने मोठ्या पोकळ्यांतील पाणी निथळून खाली उतरते आणि त्यांत हवा शिरते. लहान पोकळ्यांतील पाणी मात्र कणांना धरून राहते. जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशा या स्थितीला शेतकऱ्यांनी ‘वाफसा’ हे सुंदर नाव दिले आहे. मुळांना पाण्याप्रमाणेच हवाही लागते, कारण तीही श्वासोच्छ्वास करतात. तेव्हा जमीन सदा चिंब ठेवणे म्हणजे मुळांना गुदमरविणे होय. चांगल्या पाणीपुरवठ्याचा हेतू जमीन बुडविणे हा नसून, मुळांभोवती वाफसा टिकविणे हा असतो.

वाफसा किती दिवस टिकेल, हे जमिनीवर अवलंबून असते. काळी, चिकण जमीन पुष्कळ पाणी धरून ठेवते. तिला एकदा पाणी दिले, की काही दिवस पाहावे लागत नाही. मुरमाड किंवा रेताड जमिनीत पाणी चटकन खाली निघून जाते. तिला थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे लागते. एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन प्रकारच्या जमिनी असल्या, तर शेजाऱ्याचे पाहून पाणी देणारा शेतकरी हमखास चुकतो. त्याने आपल्याच मातीला विचारले पाहिजे. वीतभर खोलीवरील माती मुठीत घेऊन दाबावी. मध्यम किंवा भारी जमिनीत तिचा गोळा झाला, तर ओल पुरेशी आहे; भुगा होऊन सांडली, तर पाण्याची वेळ आली, असे समजावे. वरचा थर उन्हाने लवकर सुकत असतो. त्यावरून खालच्या ओलीचा अंदाज येत नाही.

आता थोडे गणित करून पाहणे उपयुक्त ठरेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. समजा, एका फळझाडाचा घेर बारा चौरस मीटर जागा झाकतो आणि उन्हाळ्याच्या एका दिवसात त्या घेरातून पाच मिलिमीटर पाणी हवेत जाते. म्हणजे झाडाची रोजची तहान साठ लिटर झाली, आणि बारा दिवसांची सातशे वीस लिटर. आता हीच झाडे सहा-सहा मीटर अंतरावर लावलेली आहेत आणि दर बारा दिवसांनी सबंध शेतात सहा सेंटिमीटर पाणी भरले जाते, असे समजू. प्रत्येक झाडाच्या वाट्याची जागा छत्तीस चौरस मीटर. तिच्यावर पडलेले पाणी दोन हजार एकशे साठ लिटर. झाडाला हवे होते सातशे वीस. म्हणजे एका झाडाच्या नावाने उपसलेल्या पाण्यात तीन झाडे जगली असती. प्रत्यक्षात झाडाचे वय, ऋतू, वारा, ऊन यांप्रमाणे हे आकडे बदलतात. पण हिशेबाची रीत हीच राहते.

जे पाणी अधिक झाले, ते वाया गेले एवढ्यावरच गोष्ट संपत नाही. मुळांच्या खाली जाणारे पाणी आपल्याबरोबर खताचा अंशही घेऊन जाते. निचरा नीट नसलेल्या भारी जमिनीत वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिले, तर जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढत येते. ते पाणी उन्हाने उडून जाते. त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे उरतात आणि जमिनीवर पांढरी खपली धरते. सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत नदीकाठची पुष्कळशी सुपीक जमीन, मुख्यतः उसाला दिलेल्या अतिरिक्त पाण्यामुळे, अशा रीतीने क्षारपड झाली आहे. दुष्काळाने जमीन उजाड होते हे सर्वांस ठाऊक असते. पाण्याच्या सुकाळानेही ती उजाड होऊ शकते, हे पुष्कळांच्या उशिरा ध्यानात येते.

नेमके आणि नेमस्त पाणी मुळांशी पोहोचविण्याची धडपड फार जुनी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी कृषिग्रंथात मातीचे मडके जमिनीत पुरून त्याभोवती वेल लावण्याची रीत सांगितलेली आहे. आपल्याकडेही कोरडवाहू भागात मडक्याने झाडे जगवितात. माठातील पाणी बाहेर पाझरते म्हणून माठ थंड राहतो. पुरलेल्या मडक्यातही तेच घडते. भोवतालची माती कोरडी असली, की ती मडक्यातून पाणी ओढून घेते. माती ओली झाली, की ओढ कमी होते. जणू मातीच आपली तहान सांगते आणि मडके तेवढेच पाणी देते.

या कल्पनेचे आधुनिक रूप म्हणजे ठिबक सिंचन. त्याच्या उगमाची हकिकत मनोरंजक आहे. सिम्खा ब्लास नावाचा एक जलअभियंता १९३० नंतरच्या दशकात, आज इस्रायल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात काम करीत होता. तेथे त्याला एक झाड दाखविण्यात आले. आजूबाजूच्या झाडांहून ते कितीतरी मोठे होते आणि त्याला कोणी पाणी घालीत असल्याचे दिसत नव्हते. शोध घेता असे आढळले, की जवळून जाणाऱ्या नळातून थेंब थेंब पाणी गळत होते आणि ते त्याच्या मुळांना मिळत होते. दुसऱ्या कोणी नळ दुरुस्त करून प्रकरण मिटविले असते. ब्लासच्या मनात मात्र तो थेंब घर करून राहिला. पुढे स्वस्त प्लास्टिकच्या नळ्या मिळू लागल्यावर त्याने थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी तयार केली, आणि १९६० नंतरच्या दशकात नेगेव्ह वाळवंटातील हाट्झेरिम या सामुदायिक वसाहतीच्या साहाय्याने तिचे उत्पादन सुरू झाले. आज जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे आणि सोलापूरची डाळिंबे यांच्या बागांतून अशा काळ्या नळ्या सर्वत्र पसरलेल्या दिसतात.

ठिबकमध्ये गणित थेट उपयोगी पडते. एका तोटीतून तासाला चार लिटर पाणी पडत असेल आणि झाडाभोवती अशा चार तोट्या असतील, तर तासाला सोळा लिटर पाणी मिळते. साठ लिटरसाठी पावणेचार तास पुरेत. पाचव्या तासाचे पाणी झाडाचे नव्हे. जेथे शेतीची वीज रात्री येते, तेथे पंप सुरू करून शेतकरी झोपी गेला, की ठिबकचे पाणीही मुळांच्या खाली निघून जाते. यंत्र थेंब मोजून देते. ते थांबवावयाचे केव्हा, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. शिवाय पाण्यातील गाळाने आणि क्षारांनी तोट्यांची बारीक छिद्रे बुजतात. गाळणी वेळोवेळी धुतली नाही, तर ओळीतील काही झाडे नकळत उपाशी राहतात. म्हणून दक्ष बागाईतदार अधूनमधून तोटीखाली भांडे ठेवून किती वेळात किती पाणी पडते ते मोजून पाहतो.

दिलेले पाणी राखणे हेही देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. उसाचे पाचट, गव्हाचा भुसा, वाळलेले गवत किंवा पालापाचोळा यांचा थर मुळांवर पसरला, की ऊन जमिनीला भिडत नाही आणि ओल लवकर उडत नाही. यालाच आच्छादन म्हणतात. जे अन्यथा जाळून टाकले जाते, तेच अशा रीतीने बागेची सावली बनते आणि पुढे कुजून तिचे खत होते.

तिसरा प्रश्न ‘केव्हा?’ हा सर्वांत नाजूक आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येक पिकाच्या स्वभावात दडलेले असते. कांद्याची मुळे उथळ असतात. रोपे लावल्यानंतर तीन-चार दिवसांनी त्याला हलके पाणी देतात, त्यास आंबवणी म्हणतात. पुढे गाठ धरून कांदा पोसू लागला, म्हणजे पाण्यात खंड पडू देता येत नाही. परंतु काढणी जवळ येऊन माना पडू लागल्या, की पाणी बंद करावयाचे. वजन वाढेल या लोभाने जो शेवटपर्यंत पाणी देतो, त्याचा कांदा चाळीत टिकत नाही. सडतो, नाहीतर त्याला कोंब फुटतात. टोमॅटो आणि डाळिंब यांना अनियमितपणा सोसत नाही. पुष्कळ दिवस कोरडे ठेवून एकदम भरपूर पाणी दिले, तर फळाचा गाभा झपाट्याने फुगतो, साल तितक्या वेगाने वाढत नाही, आणि फळ तडकते.

संत्र्या-मोसंबीच्या बाबतीत तर पाणी न देणे हीदेखील एक कला आहे. महाराष्ट्राच्या हवेत या झाडांना वर्षातून तीन वेळा फुले येऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोऱ्याला आंबे बहार म्हणतात, जून-जुलैमधील फुलोऱ्याला मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील फुलोऱ्याला हस्त बहार. तिन्ही बहर घेतले तर झाड थकते आणि कोणतेच पीक धड येत नाही. म्हणून शेतकरी एकच बहर निवडतो आणि त्याआधी काही आठवडे झाडाचे पाणी तोडतो. यास ‘ताण देणे’ असे नाव आहे. पाने मलूल होतात, काही पिवळी पडून गळतात, झाडाची वाढ थांबते आणि त्याच्यात अन्नाचा साठा होतो. मग पुन्हा पाणी मिळताच झाड नव्या पालवीसह फुलांनी बहरून येते. ताण हलक्या जमिनीत थोडे दिवस पुरतो, भारी जमिनीत अधिक दिवस लागतो. तो फार लांबला, तर झाडाच्या जिवावर बेततो. बहराची निवड करतानाही विहिरीकडे पाहावे लागते. उन्हाळ्यात पाणी टिकण्याची खात्री नसेल, तेथे पावसावर येणारा मृग बहार सोयीचा. कारण आंबे बहाराची कोवळी फळे ऐन वैशाखात झाडावर असतात.

येथवर एका बागेचा विचार झाला. पण बाग एकटी नसते. विहीर एकाच्या मालकीची असली, तरी तिच्यात झिरपणारे पाणी खडकाच्या फटींतून साऱ्या शिवाराखालून येत असते. एकाने ठिबक बसवून पाणी वाचविले आणि त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी एक बाग लावली, तर भूगर्भातील साठा पूर्वीइतकाच, किंबहुना अधिकच, उपसला जातो. मग पाऊस चुकलेल्या वर्षी दोन्ही बागा संकटात सापडतात. म्हणून पाण्याचा हिशेब अखेरीस सर्व गावाने मिळून करावा लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने असा हिशेब करून दाखविला आहे. एकेकाळी तेथील लोकांना कामाच्या शोधात गाव सोडून जावे लागे. गावाने डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, पावसाचे पाणी मुरविले. आणि त्याच्या पुढची अवघड पायरीही ओलांडली. पाऊस किती झाला हे मोजून तेथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. प्रथम माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याचे पाणी राखून ठेवतात आणि उरेल त्याप्रमाणे कोणती पिके घ्यावयाची हे ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास गावाने मनाई केली आहे. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी शेकडो वर्षांपासून चालत आलेल्या फड पद्धतीचे तत्त्वही असेच आहे. बंधाऱ्यातील पाणी थोडे असले, की थोडेच फड भिजवावयाचे. आणि एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळे टंचाई कोणा एकाच्या माथी पडत नाही.

जालन्यातील तोडलेल्या मोसंबीच्या जागी पुन्हा कलमे लावणाऱ्या शेतकऱ्यापुढे हे सारे प्रश्न उभे असतात. त्या इवल्याशा कलमाला आज दिवसाला काही लिटर पाणी पुरते. पाच-सहा वर्षांनी ते झाड मोठे होऊन साठ लिटर मागू लागेल, आणि तेव्हाही एखादे वर्ष पावसावाचून जाईल. कलमासाठी खड्डा खणण्यापूर्वीच जो त्या वर्षाच्या पाण्याचा विचार करतो आणि विहिरीला पुरतील तेवढीच झाडे लावतो, त्याला आपल्या बागेवर कुऱ्हाड चालविण्याची पाळी सहसा येत नाही.